पादपरीक्षण : ‘क्षुद्र’ पादविकारांचा व्यवहारोपयोगी विचार

प्रास्ताविक

केवळ पायांच्या तक्रारीसाठी वैद्याकडे येणारा रुग्ण विरळा. तो येतो अम्लपित्तासाठी, सांधेदुखीसाठी, निद्रानाशासाठी, आणि औषधाच्या पुड्या पिशवीत टाकून उठता उठता म्हणतो, “टाचांना भेगा पडल्या आहेत, एखादे मलम असेल तर द्या.” आपणही व्यवस्थापत्रावर आणखी एक ओळ लिहितो. रुग्णाचे पाय टेबलाखाली असतात आणि ते तेथेच राहतात. औषधी दुकानात तर हा व्यवहार याहून त्वरित उरकतो. गिऱ्हाईक मलमाचे नाव सांगते, दुकानदार डबी देतो, पाय कोणीच पाहत नाही.

भेगा, कुरूप, चिखल्या, नखुरडे हे विकार ग्रंथकारांनी क्षुद्ररोगांत घातले आहेत. त्यांपैकी बहुतेक खरोखरच अल्प चिकित्सेने बरे होतात. परंतु तेच विकार बधिर पायावर किंवा रक्तपुरवठा क्षीण झालेल्या पायावर उद्भवले म्हणजे त्यांचे क्षुद्रत्व संपते. भेगेतून जंतुसंसर्ग, संसर्गातून कोथ आणि कोथातून बोट अथवा पाय गमावण्याची वेळ, हा क्रम मधुमेही रुग्णांत आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. म्हणून कोणत्याही पादविकारावर लेप, अभ्यंग, स्वेद, अग्निकर्म किंवा रक्तमोक्षण योजण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. या पायाला स्पर्श कळतो काय? या पायापर्यंत रक्त पोहोचते काय?

१) शास्त्रदृष्टी

पायांविषयी आपल्या संहिता मुळीच उदासीन नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंग व पादत्रधारण यांचा दिनचर्येतच समावेश केला आहे. पादाभ्यंगाने खरता, स्तब्धता, रौक्ष्य, श्रम व सुप्ती दूर होतात, असे तेथे म्हटले आहे. वाग्भटाचार्यांनी अभ्यंग विशेषतः शिर, कर्ण व पाद या ठिकाणी करावयास सांगितला आणि उत्तरस्थानात पायांचा संबंध नेत्रांशी जोडला. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात पाददारी, कदर, अलस, चिप्प व कुनख यांचे, तर वातव्याधीच्या अध्यायात वातकंटक, पाददाह व पादहर्ष यांचे वर्णन केले आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तीन उल्लेख विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला चरकनिदानातील : हातापायांची सुप्तता व दाह हे प्रमेहाचे पूर्वरूप म्हणून तेथे सांगितले आहे. दुसरा सुश्रुतांचा : रसायनींच्या दौर्बल्यामुळे प्रमेही रुग्णांचे दोष ऊर्ध्वगामी होऊ शकत नाहीत, म्हणून मधुमेहींमध्ये पिडका अधःकायात उत्पन्न होतात. तिसराही सुश्रुतांचाच : मधुमेहींचे व्रण कष्टाने भरून येतात. बधिरता, अधःकायाची दुर्बलता आणि व्रणाची कृच्छ्रसाध्यता ही तीन सूत्रे एकत्र मांडली की, आज ज्यास मधुमेही पाद म्हणतात त्याचा सांगाडाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

येथेच एका वचनाविषयी सावधगिरीची सूचना करणे आम्हांस अगत्याचे वाटते. प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र न घेता शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे सुश्रुतांनी सांगितले आहे. व्यायामाचे महत्त्व म्हणून हे वचन व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ घेऊन दीर्घकालीन मधुमेही रुग्णास अनवाणी चालण्याचा सल्ला देणे घातक ठरेल. अनवाणी चालणे आरोग्यास व नेत्रांस अहितकर आहे, असे त्याच सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. चालणे प्रमेहासाठी, पादत्राण पायासाठी. दोन्ही वचने एकत्रच वाचली पाहिजेत.

२) तीन मिनिटांचे पादपरीक्षण

यासाठी कोणतीही महाग सामग्री लागत नाही. एक उंच स्टूल, पुरेसा उजेड आणि दोन्ही पाय उघडे करण्याचा आग्रह, इतके पुरे. एकच पाय दाखवणाऱ्या रुग्णाचा दुसराही पाय अवश्य पाहावा.

अ) दर्शन : तळवा, टाच, चवडा व नखे पाहावीत. बोटे एकेक करून विलग करावीत, कारण चिखल्या व लहान व्रण तेथेच दडतात. त्वचेचा वर्ण, केस गळून त्वचा चकचकीत झाली आहे काय, बोटे वाकडी झाली आहेत काय, हे नोंदवावे. रुग्णाची चप्पल उलटी करून तिची झीज पाहावी. कोठे दाब पडतो ते ती रुग्णापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते.

आ) स्पर्श : हाताच्या पाठीने दोन्ही पायांच्या उष्णतेची तुलना करावी. एकच पाय थंड असणे किंवा एकच पाय उष्ण असणे, दोन्ही अर्थपूर्ण आहेत.

इ) संवेदना : रुग्णास डोळे मिटावयास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी अशा सहा ठिकाणी आपल्या तर्जनीचे टोक एक-दोन सेकंद हलकेच टेकवावे आणि स्पर्श कळताच ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे सांगण्यास सांगावे. दाबू नये, टोचू नये, थोपटू नये. न कळल्यास त्याच ठिकाणी पुन्हा प्रयत्न करू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श न कळल्यास तो पाय सुप्त समजून पुढील व्यवहार करावा. ज्यांच्याकडे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट किंवा १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क असेल त्यांनी तोही वापरावा. मात्र सुई टोचून संवेदना पाहण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी.

ई) नाडी : पायाच्या पाठीवर अंगठा व शेजारचे बोट यांच्या रेषेत वर एक नाडी लागते; दुसरी आतल्या घोट्याच्या मागे लागते. दोन्ही पायांत दोन्ही ठिकाणी बोटे ठेवण्याची सवय करावी. मनगटावरील नाडी पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या वैद्यास ही नाडी अवघड जाण्याचे कारण नाही.

या परीक्षणातून काय हाती लागते याचे एक उदाहरण देतो. भेगांसाठी मलम मागण्यास आमच्याकडे आलेल्या पन्नाशीतील एका शेतकरी गृहस्थांचा तळवा पाहता चवड्याखाली बाभळीचा काटा रुतलेला आढळला. तो चपलेच्या तळातून आत शिरला होता. तो केव्हा रुतला हे त्यांना सांगता येईना, कारण तो रुतल्याचेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या रक्तातील शर्करा त्या दिवशी प्रथमच तपासली गेली आणि मधुमेहाचे निदान झाले. मलमाची डबी देऊन त्यांना वाटेस लावले असते, तर काटा व मधुमेह दोन्ही तसेच घरी गेले असते.

रुग्ण तरुण असेल, मधुमेह नसेल आणि बधिरता ठरावीक भागातच असेल, तर अंगावर फिकट वा तांबूस बधिर चट्टा आहे काय ते शोधावे व कुष्ठरोगाचा विचार करावा. त्यावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. लवकर पाठविलेल्या रुग्णाचे हातपाय विकृतीपासून वाचतात.

३) नित्य आढळणारे पादविकार

पाददारी (भेगा) : फार चालणाऱ्या व्यक्तीच्या रूक्ष पायांत वात भेगा उत्पन्न करतो, ही संप्राप्ती आजही तंतोतंत लागू पडते. फरशीवर दीर्घकाळ उभे राहणे, मागून उघडी चप्पल, थंडीचे दिवस व स्थूलता हे हेतू आढळतात. सुश्रुतोक्त लेपात मेण, राळ, घृत व गैरिक आहेत; राळेचे मलम हा त्याचाच व्यवहारातील अवशेष म्हणता येईल. कोकणात कोकमाच्या बियांचे मुठेल वापरतात, तेही उत्तम. रात्री पाय धुऊन, टिपून, स्नेह लावून सुती मोजे घालावेत. भेगांबरोबर हातांवरही तशीच विकृती, खाज व जाड खपल्या असतील, तर विपादिका, विचर्चिका किंवा सोरायसिसचा विचार करून कुष्ठचिकित्सेच्या दिशेने जावे. लोक या सर्वांस सरसकट ‘जळवात’ म्हणतात. आपण तसे म्हणू नये.

कदर (कुरूप, भोवरी) : खड्याने वा काट्याने क्षत झालेल्या पायात खिळ्यासारखा कठीण ग्रंथी होतो. यास चामखिळीपासून वेगळे ओळखावे. कुरुपावर सरळ दाब दिला असता दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली असता अधिक दुखते. चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटतात व वरचा थर निघाल्यावर काळे ठिपके दिसतात. कुरुपाचे मूळ दाबात आहे. चप्पल न बदलता केलेली कोणतीही चिकित्सा, मग ती अग्निकर्माची का असेना, तात्पुरतीच ठरते. उत्कर्तन व स्नेहदाह हा सुश्रुतोक्त उपक्रम संवेदना व नाडी उत्तम असलेल्या पायावर, प्रशिक्षित हाताने व निर्जंतुक उपकरणांनीच करावा.

अलस (चिखल्या) : दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्यांत क्लेद, कंडू, दाह व वेदना होतात. भातलावणीच्या दिवसांत कोकण व मावळात, आणि दिवसभर ओल्या बुटांत राहणाऱ्या शहरी नोकरदारांतही हा विकार दिसतो. चौथे बोट व करंगळी यांमधील बेचके हे त्याचे आवडते स्थान होय. त्रिफळा किंवा खदिराच्या कोमट क्वाथाने धुऊन, मऊ सुती कापडाने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करणे हीच निम्मी चिकित्सा आहे. पादाभ्यंगाचे तेल बेचक्यांत जाऊ देऊ नये, क्लेद वाढतो. फुटलेल्या बेचक्यातून संसर्ग शिरून पोटरीपर्यंत लाली व सूज येऊ शकते. म्हणून विशेषतः पायास आधीच सूज असणाऱ्यांत चिखल्या क्षुल्लक समजू नयेत. स्टेरॉईडमिश्रित मलमांनी खाज चटकन थांबते, पण दद्रू दडून पसरतो आणि पुढे दुर्धर होतो. असे मलम वापरून आलेल्या रुग्णात विकाराचे मूळ रूप बदललेले असते, हे ध्यानी घ्यावे.

चिप्प व कुनख : नखे आडवी सरळ कापावीत, कोपऱ्यांत खोल शिरू नये. अंगठ्याच्या नखाचा कोपरा मांसात रुतून पाक होणे याचे कारण बहुधा नख कापण्याची चूक किंवा निमुळता बूट हेच असते. जाड, पिवळट, ठिसूळ नख बहुधा बुरशीने होते; त्यास महिनोगणती चिकित्सा लागते, हे रुग्णास आधीच सांगावे. कोणत्याही इजेवाचून नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ दिसल्यास ती कुनख म्हणून सोडून देऊ नये. कर्करोगाच्या शंकेने तज्ज्ञाकडे पाठवावे.

वातकंटक (टाचदुखी) : पाय विषम पडल्याने होणारी ही वेदना सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलास सर्वाधिक असते, चालल्यावर कमी होते व दिवसाअखेर पुन्हा वाढते. क्ष-किरण चित्रात ‘हाड वाढलेले’ पाहून रुग्ण भयभीत होतात. परंतु असे वाढलेले हाड वेदना नसलेल्या अनेक टाचांतही आढळते. मऊ व किंचित उंच टाचेचे पादत्राण, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम, स्नेहन-स्वेदन आणि योग्य रुग्णात अग्निकर्म यांनी बहुसंख्य रुग्णांस उपशय मिळतो.

पाददाह व पादहर्ष : दोन्ही तळव्यांची आग व मुंग्या घेऊन आलेल्या रुग्णास शतधौत घृत व पित्तशामक औषधे देण्यापूर्वी रक्तशर्करा पाहावी. शाकाहारी रुग्णांत व दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता शोधावी. मद्यपान व थायरॉईडचे विकार यांचीही विचारपूस करावी.

४) विलंब न लावता पाठवावयाचे रुग्ण

पुढील लक्षणे दिसताच चिकित्सेचा प्रयोग करीत न बसता रुग्णास शल्यचिकित्सक किंवा सुसज्ज रुग्णालयाकडे त्याच दिवशी पाठवावे.

• व्रणातून दुर्गंधी, पू किंवा हाड दिसणे, लाली वर सरकणे, ज्वर.
• बोट काळे वा निळे पडणे; पाय थंड व फिकट होणे; रात्री झोपेत पाय दुखणे व तो खाटेखाली लोंबता ठेवल्यावर बरे वाटणे.
• मधुमेही रुग्णाचा एकच पाय लाल, उष्ण व सुजलेला असून त्या मानाने वेदना अल्प असणे.

दुसऱ्या प्रकारातील रुग्ण पूर्वी बहुधा ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो असे सांगत असतो. हे ऐकताच पायाची नाडी पाहावी. विडी-तंबाखूचे व्यसन असलेल्या तरुणातही हे घडते. व्यसन सुटल्याखेरीज कोणतेही औषध त्याचा पाय राखू शकणार नाही.

तिसऱ्या प्रकाराबाबत अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे वातरक्ताचा भ्रम होतो. वातरक्तात अंगठ्याच्या मुळाशी असह्य वेदना असतात, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. याउलट सुप्त पायातील हाडे व सांधे आतल्या आत मोडत असताना रुग्ण त्या पायावर चालत आमच्यापर्यंत येतो! यास शार्को पाद म्हणतात. अशा पायास मर्दन, लेप व पट्टबंधन यांत दिवस घालविल्यास पायाची कमान कायमची ढासळते. त्यावर भार टाकणे तत्काळ थांबविणे व प्लास्टरसारख्या साधनाने पाय स्थिर करणे हीच त्याची पहिली चिकित्सा होय.

५) सुप्त पायासाठी निषेध

जेथे स्पर्श कळत नाही तेथे आपले नित्याचे उपक्रमही अपाय करू शकतात. उष्ण पाण्यात पाय बुडविणे, पिंडस्वेद, वाळूच्या पोटलीचा शेक, अग्निकर्म व क्षारकर्म हे सर्व अशा पायास वर्ज्य समजावेत. रुग्णास दाह होत असल्याचे कळणार नाही व आपल्यासही फोड आल्यावरच कळेल. नाडी क्षीण असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास जलौका व सिरावेध योजू नयेत.

काशाच्या वाटीने तळवे घासणे ही आपल्या घराघरांतील परंपरा आहे आणि निरोगी पायास ती सुखावहही आहे. अलीकडे काशाच्या थाळीची यंत्रे अनेक चिकित्सालयांत व दुकानांत दिसतात. तेथे दोन गोष्टी पाळाव्यात. बधिर, व्रणयुक्त किंवा भेगाळलेला पाय यंत्रावर ठेवू नये. तसेच तळव्यावर दिसणारा काळेपणा ‘शरीरातील विष बाहेर पडले’ असे सांगू नये. स्नेह व धातू यांच्या घर्षणाने तो रंग येतो. शास्त्राच्या नावाने सांगितलेली अशी विधाने शेवटी शास्त्रालाच उणेपणा आणतात.

६) औषधविक्रेते व फार्मसीचालकांसाठी

पायाच्या विकारांचा पहिला चिकित्सक अनेकदा दुकानदारच असतो. कुरुपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते. ते कठीण त्वचेबरोबर भोवतालची त्वचाही खाते. बधिर पायावर याचा परिणाम खोल व्रणात होऊ शकतो. म्हणून भेगांचे मलम, कुरुपाची पट्टी किंवा क्षारयुक्त लेप देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मधुमेह आहे काय? पायास मुंग्या किंवा बधिरता जाणवते काय? जखम, पाणी वा पू आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास पट्टी व क्षार देऊ नयेत, वैद्याकडे पाठवावे. एका डबीची विक्री जाईल. परंतु ज्याचा पाय वाचला ते कुटुंब त्या दुकानाशी कायमचे जोडले जाईल.

७) नित्य पादचर्या

मधुमेही व सुप्तपाद रुग्णांस पुढील सूचना समजावून सांगाव्यात, शक्यतो घरातील एका व्यक्तीसमक्ष.

• रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसल्यास आरसा वापरावा किंवा घरच्यांनी पाहावेत.
• पाण्याची उष्णता पायाने नव्हे, कोपराने पाहावी. पाय भिजत ठेवू नयेत.
• पादत्राण सायंकाळी घ्यावे, कारण तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी व मागे पट्टा असावा. बधिर पायातून साधी चप्पल निसटते आणि ते कळतही नाही. नवी कोल्हापुरी किंवा कडक बूट चावला तरी बधिर पाय तक्रार करीत नाही. म्हणून एमसीआर तळाची मऊ पादत्राणे सुचवावीत.
• घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा, खिळा पाहावा. घरातही अनवाणी राहू नये.
• पायास सूज येणाऱ्या स्त्रियांनी घट्ट जोडवी व विरोदी काढून ठेवावीत किंवा सैल करून घ्यावीत.
• कुरूप स्वतः ब्लेडने तासू नये.

धार्मिक प्रसंगांविषयी बोलताना वैद्याने विशेष कौशल्य ठेवावे. नवरात्रातील अनवाणी व्रत, उन्हाळ्यात तापलेल्या देवळाच्या फरशीवरील प्रदक्षिणा यांत बधिर पाय भाजल्याचे रुग्णास फोड पाहिल्यावरच कळते. व्रत मोडा असे म्हटल्यास रुग्ण ऐकत नाही. प्रदक्षिणा पहाटे घाला, देवळात जाड सुती मोजे घाला, पादत्राणाऐवजी दुसऱ्या एखाद्या वस्तूचा त्याग करा, असे सुचविल्यास तो बहुधा ऐकतो.

समारोप

आषाढी वारीच्या वाटेवर, आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत, अनेक वैद्य दरवर्षी वारकऱ्यांच्या पायांस तेल लावण्याची सेवा करतात. हजारो पाय त्या दिवसांत वैद्यांच्या हातांखालून जातात. तेल लावण्यापूर्वी सहा बोटांना हलका स्पर्श करणे, बेचकी पाहणे आणि पायाची नाडी शोधणे एवढी भर या सेवेत घालता येईल. ज्याला स्पर्श कळला नाही त्याच्या हाती शर्करा तपासणीची चिठ्ठी द्यावी व पुढच्या मुक्कामापर्यंत पायात मऊ पादत्राण असेल असे पाहावे. संघटनेच्या शाखांनी आगामी शिबिरांच्या नियोजनात या परीक्षणाचा समावेश करावा आणि शिबिरापूर्वी एका मासिक सभेत सदस्यांनी परस्परांच्या पायांवर त्याचा अभ्यास करावा, अशी आमची विनंती आहे. चिकित्सालयात मात्र सभेची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या येणाऱ्या पहिल्या मधुमेही रुग्णास चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवावयास सांगावे.